साठीची शेवई

शवपेटी आली ती दहाव्या महिन्याच्या चौथ्या दिवशी, सकाळच्या चहाच्या वेळी. आठ भोयांनी ती खांद्यावर आणली होती आणि पुढे तान सुतार चालत होता, दोन्ही हातांत लाल कागद धरून, लग्नाच्या वरातीत चालावं तसा. कचेरीच्या मोठ्या दारावरच्या पहारेकऱ्यांना काय करावं ते कळेना. आमच्या दारात तोफा आल्या होत्या, कैदी आले होते, एकदा कोणीतरी खूश करायला जिवंत अस्वलही पाठवलं होतं. शवपेटी मात्र भेट म्हणून आजवर कोणी आणली नव्हती.

मी जनरल ल्वान तिंगशान यांचा चिटणीस. त्यांना प्रांताचे लष्करी गव्हर्नर होऊन चार वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळातला मी तिसरा चिटणीस होतो. पहिला पळून गेला. दुसरा एका कैद्याच्या बाजूने दोन शब्द बोलला आणि त्याच कैद्याच्या शेजारच्या खोलीत जाऊन बसला. तो काही परत आला नाही. त्या खोलीची खिडकी माझ्या टेबलावरून समोर दिसायची. मी बादशाही परीक्षेत दोनदा नापास झालेला माणूस. तिसऱ्यांदा बसणार तेवढ्यात परीक्षाच बंद झाल्या. माझं अक्षर तेवढं सुंदर होतं. मान खाली आणि तोंड बंद ठेवायची अक्कल मला होती आणि खरं सांगायचं तर त्या अकलेचा मला अभिमानही होता.

जनरलसाहेबांना वाचता फारसं येत नसे. जन्म एका मातकट खेड्यातला. सतराव्या वर्षी फौजेत गेले. आधी छावणीच्या भटारखान्यात लाकडं फोडली, मग हातात बंदूक आली, मग हाताखाली दहा माणसं, मग हजार. बादशाही कोसळली त्या दिवशी सकाळी ते बादशहाच्या बाजूने होते आणि संध्याकाळी प्रजासत्ताकाच्या. आधीचे गव्हर्नर म्हणजे त्यांना बोट धरून वर आणणारे त्यांचे वरिष्ठ. त्यांना जनरलसाहेबांनी आपल्या छप्पन्नाव्या वाढदिवसाला जेवायला बोलावलं आणि सूप संपून मासा यायच्या आत त्यांचा निकाल लावला. मग पाच दिवस त्यांचं प्रेत वेशीवर उघडं ठेवलं. जेवणाच्या टेबलावर काय काय घडू शकतं, हे जनरलसाहेबांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं ते यामुळे.

म्हणून त्यांच्याकडे कुत्रा होता. पूर्वी अन्न चाखायला माणूस असे, पण माणसाला पैसे चारता येतात, उतारा देऊन ठेवता येतो, असा त्यांनी विचार केला आणि कुत्रा आणला. पिवळा, जाडजूड, त्याला सांभाळायला एक स्वतंत्र हवालदार. जेवण आलं की प्रत्येक पदार्थातला घास आधी त्याच्या ताटलीत जाई. मग जनरलसाहेब घड्याळ काढून टेबलावर ठेवत आणि सगळे त्या कुत्र्याच्या तोंडाकडे बघत बसत. आधीचा कुत्रा म्हातारपणाने मेला, तर तीन आचाऱ्यांना हाकललं. त्या वर्षी दुष्काळ होता आणि अख्ख्या शहरात या कुत्र्याइतकं चांगलं कोणी जेवत नव्हतं.

तर, शवपेटी. आमच्याकडे माणसाची साठी आली की घरचे लोक त्याची पेटी करवून ठेवतात. त्यात अशुभ काही नाही. पेटी घरात आली की म्हातारा आणखी वीस वर्षं जगतो असं म्हणतात. दरवर्षी शरद ऋतूत तिला रोगणाचा एक हात देतात, पोरं तिच्यावर चढून खेळतात, बाया तिच्यावर भोपळे वाळत घालतात. जनरलसाहेबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण खेडेगावातल्या माणसासारखा विचार करायची त्यांची सवय मोडली होती. ते आता गव्हर्नरसारखा विचार करत.

सहा रक्षक घेऊन ते अंगणात आले आणि पेटीपासून दहा पावलांवर थांबले.

"कोणी पाठवली?"

"घरून आलीय, साहेब," तान सुतार गुडघे टेकून म्हणाला. साठी ओलांडलेला, बोटं काळी पडलेला माणूस. "थोरल्या वहिनींनी पाठवली. साठीसाठी."

"वहिनींना माझं वय कसं ठाऊक?"

सुतार गोंधळला. "साहेब, तुम्ही दोन वर्षांचे होता तेव्हा त्या लग्न होऊन आल्या. त्यांनीच वाढवलं ना तुम्हाला."

"ते मला माहीत आहे. मी विचारतोय, आत्ताच कसं आठवलं?" ते माझ्याकडे वळले. "पलीकडच्या प्रांतातला माझा मानलेला भाऊ खिंडीत वीस हजार माणसं आणून बसलाय आणि नेमकी याच आठवड्यात माझी शवपेटी दारात. काय चिटणीस, तुला काय वाटतं?"

"आपल्याला वाटेल तेच, साहेब," मी म्हणालो. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणत असे.

पेटी उघडली. आत मूठभर बाजरी होती, कारण रिकामी पेटी पाठवू नये असा रिवाज आहे. बाजरी कुत्र्याला घातली. त्याने ती हुंगून सोडून दिली, तर त्यावरही चर्चा झाली. मग बाजारातून रोगण लावणारा एक म्हातारा कारागीर धरून आणला. त्याने कोपरा खरवडला, भिंग लावून पाहिलं आणि थर मोजले.

"अकरा हात आहेत, साहेब. वर्षाला एक याप्रमाणे अकरा वर्षांचं काम. आणि ही पायाकडची फळी बघा, इथे आधी काहीतरी होतं. तासून काढलंय. वरचा सारस नवा कोरलेला आहे."

जनरलसाहेबांनी बोटांवर हिशोब केला. मग हळू आवाजात म्हणाले, "अकरा वर्षांपूर्वी मी एकोणपन्नासचा होतो. साधा कर्नल. तेव्हापासून कोण माझ्या मरणावर टपून बसलंय?"

प्रश्न सुताराला होता. सुतार जमिनीकडे बघत राहिला.

"बोल की. अकरा वर्षांपूर्वी ही पेटी कोणी करायला सांगितली?"

"साहेब, तेवढं मला विचारू नका."

हे वाक्य म्हणजे स्वतःच्या हाताने गळ्यात दोर घालून घेणं होतं. त्याला तेव्हाच उचलून आत नेलं. मला हुकूम लिहायला सांगितला : दहाव्या दिवशी सकाळी गोळी. नववा दिवस वाढदिवसाचा. वाढदिवस होईपर्यंत रक्त सांडायचं नाही, उलट पुण्य म्हणून खंदकात मासे सोडायचे, पक्षी उडवायचे. असल्या बाबतीत जनरलसाहेब फार सोवळे.

दुपारी मी सुताराची जबानी घ्यायला गेलो. नेमका माझ्या टेबलासमोरच्या खिडकीच्या खोलीत. तो कोपऱ्यात बसून खिडकीची लाकडी चौकट बोटाने चाचपत होता. "ही बिजागरी उलटी बसवलीय," तो म्हणाला. "कोणाचं काम हे?"

"तान, तू बोलला नाहीस तर दहा तारखेला मरशील."

"बोललो तर तुम्ही साहेबांना सांगाल."

"नाही सांगणार," मी म्हणालो. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

त्याने थोडा वेळ माझ्या चेहऱ्याचा अंदाज घेतला. "पेटी त्यांची नाहीच. पेटी वहिनीबाईंची आहे. त्यांना त्रेसष्टावं लागलं तेव्हा मीच केली. सुरूचं लाकूड, चार बोटं जाड फळ्या. दर साल शरदात जातो आणि एक हात देतो, त्या मला दोन अंडी उकडून देतात. पायाकडे कमळ होतं. बायकांच्या पेटीला असतंच, पुरुषांच्या पेटीला सारस. यंदा म्हणाल्या, कमळ तासून टाक आणि सारस कोर."

"का?"

"बाजारात कोणीतरी वर्तमानपत्र वाचून दाखवलं. लढाई होणार म्हणे. मागच्या गव्हर्नरांना पाच दिवस वेशीवर टाकलं होतं, ते गावातही ठाऊक आहे. वहिनीबाई म्हणाल्या, माझ्या पोराला तसं उघड्यावर नको. नवी करायची तर लाकूड वाळायला दोन वर्षं लागतात. तेवढा वेळ नाही म्हणाल्या. माझीच दे."

"आणि त्यांना?"

"मला चटईत गुंडाळा म्हणाल्या. बघायला कोण येतंय." त्याने नाक पुसलं. "मला शपथ घातलीय. त्याला कळलं माझी आहे तर तो घेणार नाही, असं म्हणाल्या. नसतीच घेतली ना हो त्यांनी?"

मला स्वतःची लाज वाटत होती. त्या खोलीतून उठून चाळीस पावलं चालायचं आणि चार वाक्यं बोलायची, एवढंच काम होतं. आधीच्या चिटणिसानेही तेवढंच केलं होतं. मी जबानीच्या कागदावर लिहिलं, "आरोपी काही सांगत नाही," आणि माझ्या सुंदर अक्षराखाली तारीख घातली.

पण माझ्याच्याने पूर्ण गप्पही बसवेना. आठ भोयांना हाकलून द्यायचा हुकूम झाला होता आणि वेशीबाहेर जायचे त्यांचे परवाने मीच लिहिणार होतो. त्यातल्या वयस्क भोयाच्या हातात परवाना देताना मी आवाज खाली घेऊन म्हणालो, "वहिनीबाईंना सांग, दिराच्या साठीला या. नवव्या दिवसाच्या आत."

"त्यांना चालवत नाही, साहेब. पावलं लहानपणापासून बांधलेली आहेत."

"मग ढकलगाडीवर घालून आण. नाही आल्या तर दहाव्या दिवशी सुतार जाईल."

"कुठे जाईल?" भोयाने विचारलं आणि मग माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. परवाना कमरेला खोचून तो चालू लागला. गाव दोन दिवसांच्या वाटेवर होतं. येताना ढकलगाडी म्हणजे आणखी अर्धा दिवस. हिशोब कसाबसा बसत होता.

सातव्या दिवशी पेटी फोडली. खाली दुहेरी तळ आहे, त्यात खिंडीतल्या भावाचं पत्र आहे, अशी जनरलसाहेबांची खात्री झाली होती. दोन शिपायांच्या कुऱ्हाडी त्या फळ्यांवरून नुसत्या घसरत होत्या. मग जनरलसाहेबांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि स्वतः कुऱ्हाड घेतली. भटारखान्यातला हात अजून गेलेला नव्हता. चौथ्या घावाला झाकण उभं चिरलं. पुढचा अर्धा तास ते मन लावून फोडत होते आणि मला वाटतं, चार वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं.

तळ एकच होता. फळ्यांच्या पोटात लाकडाशिवाय काही नव्हतं.

"काही नाही," मी म्हणालो.

"काही नाही म्हणजे काढून घेतलंय," जनरलसाहेब घाम पुसत म्हणाले. "आधी काही नसतं तर तासलं कशाला असतं?"

फळ्या स्वयंपाकघरामागे सरपणात टाकल्या. संध्याकाळी मी सुताराकडे डोकावलो. तो दाराकडे पाठ करून बसला होता.

"सुरूचं लाकूड होतं ना?" त्याने न वळता विचारलं. "आवाजावरून ओळखलं मी."

"हो."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

आठवा दिवस गेला. नवव्या दिवशी सकाळपासून माझं लक्ष दाराकडे. दिवाणखान्यात लाल कापडं लागली, पीचच्या आकाराचे पाव रचले, जिल्ह्याजिल्ह्याचे अधिकारी येऊन नमस्कार घालून बसले. प्रत्येकाची झडती होत होती, एका जाड्या अधिकाऱ्याच्या बुटातली गादीसुद्धा उलटी करून बघितली. खंदकात मासे सोडले. दुपार व्हायला आली आणि मी मनात म्हणत होतो, तू प्रयत्न केलास, आता तुझ्या हातात काही नाही. हे वाक्य मनात आल्यावर मला बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून मी स्वतःला शिव्या दिल्या.

तेवढ्यात ढकलगाडीचं एकुलतं चाक दारात करकरलं.

मी आत जाऊन वर्दी दिली, "गावाहून थोरल्या वहिनीबाई आल्या आहेत."

क्षणभर जनरलसाहेबांचा चेहरा असा काही झाला की मी नजर खाली घातली. लगेच तो मिटला. "मी बोलावलं नव्हतं," ते म्हणाले. "त्यांना कोणी बोलावलं?"

मी एक पाऊल मागे सरकलो.

"साठीला बोलवावं लागतं का रे, उष्ट्या?"

त्या दारात उभ्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मुठीएवढ्या, निळा सुती झगा, भोयाच्या दंडाला धरून. उष्ट्या हे जनरलसाहेबांचं पाळण्यातलं नाव. पोर जगावं म्हणून आमच्याकडे असली नावं ठेवतात : हे कुत्र्याने टाकलेलं उष्टं आहे, यमाने याच्याकडे बघूही नये. जमलेल्या अधिकाऱ्यांपैकी एकालाही हसायची हिंमत झाली नाही. सगळ्यांनी एकदम आपापल्या चहाच्या पेल्यात पाहिलं.

जनरलसाहेब उठून पुढे आले आणि नमस्काराला वाकले. ते वाकले तसे दोन रक्षकही दोन पावलं जवळ आले. वहिनीबाईंनी त्या दोघांकडे पाहिलं, मग दिराच्या टकलाकडे.

"वाळलास," त्या म्हणाल्या. "आधी शेवई करते. बाकीचं मग बोलू."

वाढदिवसाची शेवई घरच्या बाईने करायची असते आणि खरी ती एकच असते. अख्ख्या वाडग्यात एकच लांबलचक अखंड शेवई. खाणाऱ्याने तिचं टोक तोंडात धरायचं आणि मध्ये न तोडता ओढत जायचं. तोडली तर आयुष्य तोडलं. कचेरीतले आचारी इतकी वर्षं साध्या शेवयांचे दोन वाडगे करायचे, एक साहेबांना, एक कुत्र्याला.

वहिनीबाईंच्या हातांवर लक्ष ठेवायला मला आणि दोन शिपायांना स्वयंपाकघरात पाठवलं. त्यांनी पीठ मळलं, त्याची एक जाड वळी केली, तेल लावून परातीत गुंडाळून ठेवली. मग पाणी उकळल्यावर बोटांतून ओढत ओढत सोडत राहिल्या. त्यांची बोटं वाकडी झाली होती, पण शेवई कुठे जाड नाही की बारीक नाही. मग चुलीत लाकूड सारायला त्या वाकल्या आणि थांबल्या. चुलीपाशी फोडलेल्या फळ्यांचा ढीग होता. त्यांनी एका तुकड्यावरून हात फिरवला.

"चांगलं पेटतंय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सुतार आहे ना?"

"आहे. उद्या सकाळपर्यंत."

त्यांनी मान हलवली आणि तो तुकडा चुलीत सारला.

वाडगा दिवाणखान्यात आला. वर दोन अंडी, कांद्याची पात, वाफ. वहिनीबाईंनी तो दोन्ही हातांनी दिरासमोर ठेवला आणि समोर बसल्या. सगळे बघत होते. कुत्र्याचा हवालदार ताटली घेऊन माझ्याजवळ सरकला आणि कानात कुजबुजला, "चिटणीससाहेब, वाडगा एकच आहे. काय करू?"

"मला काय विचारतोस?"

जनरलसाहेबांनी काड्या उचलल्या. शेवईचं टोक शोधलं, वर उचललं.

"खा," वहिनीबाई म्हणाल्या. "गार होतेय. मध्ये तोडू नकोस."

ते खाणार असं मला मनापासून वाटलं. माणूस कितीही बदलला तरी एक घास असा असतो, असं मी तेव्हा मानत होतो. त्यांनी टोक ओठांपर्यंत नेलं. मग त्यांची नजर हळूच बाजूला गेली, पिवळ्या कुत्र्याकडे. काड्या खाली आल्या. त्यांनी हातभर शेवई ओढून काढली, काड्यांनी कचकन तोडली आणि हवालदाराच्या ताटलीत टाकली.

हवालदार ताटली हातात धरून तसाच उभा राहिला.

"इथला नियम आहे, वहिनी," जनरलसाहेब म्हणाले. "सगळ्यांनाच असतो."

"हो का," त्या म्हणाल्या. त्यांनी वाडगा उचलला, जाग्यावरून उठल्या, हवालदारापर्यंत गेल्या आणि उरलेली सगळी शेवई, अंडी, रस, ताटलीत उपडी केली. "मग पोटभर खाऊ दे त्याला."

कुत्र्याने लगेच तोंड घातलं. तेवढाच आवाज होता. जनरलसाहेबांनी घड्याळ काढलं नाही, पण त्यांचा हात खिशापर्यंत गेला होता, मी पाहिला.

"पेटी अकरा वर्षांची आहे," ते म्हणाले. आवाज गव्हर्नरचा झाला होता. "अकरा वर्षं कोण माझ्या मरणावर टपून बसलंय?"

"मी बसलेय टपून. माझ्या मरणावर." त्या परत येऊन बसल्या. "माझी होती ती. कमळ काढून तुझा सारस करवला. सुताराला मीच गप्प राहायची शपथ घातली. आता ती मोडली म्हण. पेटीच राहिली नाही, तर शपथ कशाची?"

आता ते काय बोलतील ते ऐकायला मी पुढे वाकलो. माफी मागतील, रडतील, काहीतरी करतील असं वाटलं.

"मी मरणार," ते म्हणाले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

वहिनीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागावलेल्या दिसल्या नाहीत. दमलेल्या दिसल्या.

"उष्ट्या, तुला गोवर आला होता तेव्हा तुझ्या तोंडात घास ठरत नव्हता. नऊ दिवस मी माझ्या तोंडात चावून तुला भरवला. तेव्हा तू मला काही विचारलं नाहीस." त्या उठल्या. "सुतार दे माझा. मी जाते."

जनरलसाहेबांनी माझ्याकडे बघून हात हलवला. आयुष्यात मी इतक्या घाईत कधी काही लिहिलं नसेल. अक्षर वेडंवाकडं आलं, शिक्का तिरका पडला आणि मी तो कागद घेऊन पळत गेलो. तान सुतार बाहेर आला, उजेडाने डोळे मिचकावले आणि आधी स्वयंपाकघरामागे गेला. तिथे पायाकडची फळी अजून जळायची राहिली होती. सारसाची मान तुटली होती. ती फळी काखेत मारून तो ढकलगाडीच्या मागे चालू लागला. वहिनीबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्या वेशीबाहेर पडल्यावर जनरलसाहेबांनी दोन माणसं त्यांच्या मागावर पाठवली, कोणाला भेटतात ते बघायला.

पुढे दोन महिन्यांनी खिंड पडली. तोवर मी नदीपलीकडे पळालो होतो, त्यामुळे जनरलसाहेबांना वेशीवर किती दिवस ठेवलं ते मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. वहिनीबाईंना नवी पेटी मिळाली का, हे विचारायला त्या गावी जायचं मी अनेकदा ठरवलं आणि गेलो नाही. मला आठवते ती वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

जनरलसाहेबांनी मला चहाच्या वेळी एकट्याला बोलावलं. आदल्या दिवशी ते काहीच जेवले नव्हते. डोळे सुजले होते.

"त्या आठ भोयांचे परवाने तू लिहिलेस ना?"

"हो, साहेब." समोरच्या, नुकत्याच रिकाम्या झालेल्या खोलीचं दार उघडं होतं. मी त्या दाराकडे बघायचं टाळलं.

"हं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मग विचारलं, "कुत्रा कसा आहे?"

"ठणठणीत आहे, साहेब. आत्ताच लापशी खाऊन झोपला."

त्यांनी मान हलवली. चहाचा पेला हातात धरला, परत खाली ठेवला.

"मग ती शेवई," ते म्हणाले. "थोडी उरली असेल ना?"

"नाही, साहेब. सगळी त्याने खाल्ली."

"वाडगा धुतला का?"

"धुतला, साहेब."